कडी दोनदा ओढणारा

शेजारचा तो कॉम्प्युटरवाला, मी अन् माही बायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आमचं तिघांचं ते शेवटचं बसणं.

त्याची एक खोड होती. फाटकाची कडी लावली की दोनदा ओढून पाहायचा. कोणी काही म्हटलं की आधी "थांबा जरा." मले रागच येत असे.

त्या संध्याकाळी म्हणाला, "काका, सरकारचा सल्ला आहे. कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत प्रोग्राम लिहिताना मेमरीची, म्हंजे माहिती ठेवायच्या जागेची, चूक राहिली तर चोराले आत घुसाले वाट भेटते. म्हणून ती चूक होऊच न देणाऱ्या भाषेत लिहा म्हणतात."

"मंग आतापावतर लिहिलेलं सारं फेकून देशीन का बाप्पा?" बायकोनं विचारलं.

"नाही काकू. नवं ते नव्या भाषेत. जुनं एकदम उपटलं तर सारंच बंद पडते. ते एकेक करून, पाहून."

पहाटे बायको वारली. संध्याकाळी तिच्या भावानं, माह्या साळ्यानं, तिची बाज अन् गोधडी देऊन टाकायले फाटकाबाहेर काढली. मी गोधडीचं टोक धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवाला आला. साळ्याले म्हणाला, "थांबा जरा भाऊ. काका म्हणतीन तवा नेऊ." बाज उचलून घरात तिच्या जागी ठेवली, गोधडी अंथरली, अन् जाताना कडी दोनदा ओढून पाहिली.