हवालदाराच्या सायकलची सीट

माझ्या तिन्ही रहस्यकथांमधला गावचा हवालदार कुणावर बेतलाय, हे सेलूत कुणाला सांगावं लागलं नाही. फक्त बाबांच्या कानावर ते जाऊ नये, एवढीच माझी धडपड.

बाबांची उभी हयात पोलिसात हवालदारी करण्यात गेली. जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे मोहाच्या दारूसाठी आंबवलेला सडवा ओतून देता देताच ते निवृत्त झाले. माझा हवालदारही तेच करतो आणि मधल्या वेळात कोंबडीचोर शोधतो. लोक पोट धरून हसतात. पण बाबांना वाटलं, की पोरीनं आपल्या नोकरीचं हसं केलं, तर? म्हणून पुस्तकं मी आईच्या कपाटात लपवून ठेवायचे.

त्यात तिसऱ्या पुस्तकात मी आगाऊपणा केला. एकदा बाबा नाल्यात हातभट्टी फोडत होते, तेवढ्यात काठावरच्या त्यांच्या सायकलची सीट कुणीतरी पळवली. ते उभ्याउभ्या पायडल मारत ठाण्यात पोचले आणि सीट दुरुस्तीला टाकलीय म्हणून सांगितलं. हे बाबांनी फक्त आईला सांगितलं होतं. मी जसंच्या तसं छापलं.

नेमकं तेच पुस्तक त्यांना आईच्या कपाटात सापडलं. दोन दिवस लाल पेन घेऊन वाचत बसले. मी मुद्दाम त्यांच्या आवडीचा गोळाभात केला, तोही पुस्तकात डोकं घालूनच जेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून बाबांची हाक आली.

"तुह्या पुस्तकात पंचनाम्यावर एकाच पंचाची सही काऊन? दोन पंच लागतात. असा पंचनामा कोर्टात टिकन का?"

"चुकलं, बाबा."

"आन् ते सीटचं तुले कोनं सांगतलं?"

"म्या सांगतलं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "अजून कितीक वर्स लपवता?"

 बाबा पुस्तक माझ्या हातात देऊन आंघोळीला गेले. मला रडू फुटायचंच बाकी होतं. कशीबशी पानं उलटत शेवटापर्यंत आले.

तिथे त्यांच्या ठाशीव अक्षरात, पंचनाम्याखाली लिहितात तसं लाल शाईनं लिहिलं होतं: 'वाचून पाहिले. बरोबर व खरे आहे.' खाली 'पंच क्रमांक एक' आणि त्यांची सही. क्रमांक दोनसमोरची जागा कोरी होती.

आईनं पदराला हात पुसले आणि पेन मागितलं.