मयुरेशचा आकडा

सातपूरच्या कारखान्यांत नाना बोरस्त्यांच्या हाताचा दबदबा होता. एकतीस वर्षं मेंटेनन्सला काढली माणसानं. धूर दिसायच्या आधी, नुसता जळका वास आला तरी हात मेन स्विचवर. बुधा नावाचा हेल्पर एकदा पॅनलला चिकटला, तेव्हा बाकीचे नुसते बोंबलत राहिले आणि नानांनी सप्लाय पाडून त्याला सोडवलं. बुधा अजून दर दसऱ्याला सोनं द्यायला घरी येतो. असा हात. आणि त्याच हातानं घात केला बघा.

घरात नाना आणि सुधाबाई, दोघंच. मुलगा मयुरेश चौदाव्या वर्षी काविळीनं गेला, त्याला सोळा वर्षं झाली. मागं राहिलं काय, तर दप्तर, सायकल आणि देवळाली कॅम्पच्या बाजारातून हट्टानं घेतलेला हातात धरायचा व्हिडिओ गेम. वरून विटा पडायच्या आणि खाली रचत जायच्या, तो. दप्तर, सायकल देऊन टाकली. गेम कसा देणार? पडद्याच्या कोपऱ्यात मयुरेशचा हाय स्कोअर होता, पोरानं शेवटच्या सुट्टीत केलेला.

आता या खेळण्याची गोम अशी, की सेल काढले की आकडा पुसला जातो. पण इलेक्ट्रिशियनच्या घरात असलं चालतंय होय! नानांनी गेमच्या मागून दोन वायरी बाहेर काढून ठेवल्या. दर तीन महिन्यांनी सेल बदलायचे, तर आधी नव्या सेलची जोडी त्या वायरींना लावायची आणि मगच जुने काढायचे. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाहीत. फक्त एक होतं, नाना पडद्याकडे बघायचे नाहीत. त्यांना बघवायचंच नाही. मान खाली घालून विचारायचे, "आहे ना?" सुधाबाई पदरानं काच पुसायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "आहे." एवढं झालं की मग चहा.

सुधाबाई मात्र तो गेम खेळायच्या. रोज, जेवणं आटोपल्यावर. शेजारच्या लताबाई हसायच्या, "काय गं बाई, या वयात!" हसू देत. पोराची बोटं जिथं पडली तिथं आपली बोटं ठेवायची, यात कसलं आलंय वय? पण दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, डावा थरथरतो. ती बारीक बटणं काही दाबता येईनात. गेम मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहायच्या. ते बघून नानांना आत तुटायचं.

"थांब, मी तुला मोठी बटणं बसवून देतो," नाना म्हणाले. पण नुसत्या मोठ्या बटणांनी भागणार नव्हतं. थरथरता हात एकदा दाबायला जायचा आणि चारदा लागायचा. म्हणून त्यांनी एमजी रोडवरून मायक्रोकंट्रोलर आणला, बोटभर बोर्डावरची ती चिप. प्रोग्रॅम लिहून तिला शिकवायचं, की बाई, लागोपाठ चार दाब आले तरी तू एकच धर आणि तेवढाच पुढं गेमला कळव. मोबाइलवर व्हिडिओ बघत म्हातारा महिनाभर त्या चिपला भिडला. डोळ्यांची वाट लागली, पण जमवलं.

आणि मग आला तो मंगळवार. सुधाबाई लताबाईंबरोबर रिक्षानं दवाखान्यात हाताच्या व्यायामाला गेल्या होत्या. नानांनी गेम उघडला. आतले सेल जागेवर, शिवाय बाहेरची जोडीही लावलेली. डोळ्यांत तेल घालून चिपच्या तीन वायरी सोल्डर केल्या. चौथी हातातून सुटली आणि नको तिथं टेकली. चर्र झालं, जळका वास आला, आणि डोकं काही म्हणायच्या आत हातानं दोन्हीकडचे सेल उपटले.

नानांनी चौथी वायर बाजूला केली. मग सेल परत लावले आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं. गेम धड होता. आकड्याच्या जागी सगळी शून्यं.

"अरे देवा," ते म्हणाले, "पोराला दुसऱ्यांदा घालवलं मी."

अशा वेळी माणसाच्या डोक्यात पाप येतंच, तसं त्यांच्याही आलं. चिपला बटणं दाबता येतात ना? मग तिलाच खेळायला लावावं आणि आकडा वर चढवावा. सुधाला काय कळणार? उरलेलं काम पुरं करून त्यांनी तसा प्रोग्रॅम घातला. कुणाचं बोट नसताना विटा सरकायला लागल्या, वळायला लागल्या. नानांच्या अंगावर काटा आला. आणि आकडा चढवायचा तरी कुठवर? तो किती होता हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पोरानं ओरडून सांगितला होता तेव्हा यांनी पेपरातून डोकं न काढता नुसतं "हूं" केलं होतं. त्यांनी तो प्रोग्रॅम पुसून टाकला आणि दाराकडे बघत बसून राहिले.

सुधाबाई आल्या, खुर्चीत टेकल्या. नानांनी पाणीसुद्धा विचारलं नाही, सरळ सांगून टाकलं. "सुधा, आकडा गेला. माझ्या हातानं गेला. तुला काय बोलायचं ते बोल मला."

झटक्यानंतर सुधाबाईंचं बोलणं सावकाश झालंय. त्यांनी गेम मांडीवर ओढून घेतला.

"अहो, तो आकडा जाऊन नऊ वर्षं झाली."

"काय?"

"खेळता खेळता माझाच स्कोअर पुढं गेला. ध्यानात येईस्तोवर त्याच्या जागी माझा आकडा. दिवसभर रडले. संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात, सेल बदलायला बसलात आणि विचारलंत, आहे ना? तुमचं तोंड बघून 'गेला' म्हणवेना मला."

नऊ वर्षं ही बाई "आहे" म्हणत आली! नाना रागावले नाहीत. रागवायला त्यांच्यात त्राण तरी कुठं होतं?

"म्हणजे आज गेला तो तुझा होता."

"माझा होता. त्याचं काय एवढं?"

नानांनी तिचा थरथरता डावा हात आपल्या हातात घेतला. "त्याचा किती होता गं? सांग मला. आत्ता भिंतीवर लिहून ठेवतो."

सुधाबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत राहिल्या. पुन्हा पहिल्यापासून जुळवलं. मग त्यांचा चेहरा पार उतरला.

"तेव्हा वाटलं, हा कसा विसरेन मी, म्हणून कुठं लिहिला नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता नाही आठवत हो मला."