टिपणीसभाऊंच्या पाट्या

दिनानाथ टिपणीसांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ते गप्प बसलेले बघवत नाहीत. मला मात्र ते गप्प झाल्यावरच थोडे कळले. तेही अर्धेच.

शहाडच्या एका कारखान्यात ते बत्तीस वर्षं बॉयलरवर होते. कोळशाच्या गाड्या ओढण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी बॉयलर हाउसचे इनचार्ज होऊन निवृत्त झाले. मग शिरगावात आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले आणि दर शुक्रवारी, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, घरातल्या हॉलमध्ये वर्ग घ्यायला लागले. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसणारे कामगार यायचे. अंबरनाथहून, उल्हासनगरहून, कुणी थेट कर्जतहून. फी नाही. तिसऱ्या मजल्यावरून त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा, "ड्युटीवर आलास की आधी काच बघ! चहा नंतर!" बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, आतलं पाणी किती ते तिच्यात दिसतं, एवढं मला भाजी चिरता चिरता पाठ झालं होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला पांढरं फडकं बांधून ते घरी आले आणि वर्ग बंद पडला.

मला त्याची इतकी काळजी वाटायचं कारण गुरुदत्त. मी बी.ए., हे बी.कॉम., आणि आमचा मुलगा बारावीला दोनदा अडकून उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका जीन्स धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर हेल्पर म्हणून लागला. लाकडावर चालणारा लहान बॉयलर. सर्टिफिकेट असलेला मिस्त्री बऱ्याचदा शेठच्या दुसऱ्या युनिटमध्ये असतो आणि इथे गुरुदत्त एकटा. भिंतीवर सर्टिफिकेट मिस्त्रीचं, भट्टीसमोर माझा मुलगा. शेठ म्हणतो, "सर्टिफिकेट लाओ बेटा, परमनेंट कर दूंगा." दीड वर्ष भाऊंच्या वर्गाला जाऊन लेखी गुरुदत्त पास होतो. तोंडी परीक्षेला साहेबांसमोर बसला की तोंड उघडत नाही. दोनदा नापास झाला. तिसरी खेप या मार्चमध्ये आहे आणि शिकवणाऱ्याचाच आवाज गेला.

जानेवारीत एके दिवशी सुनंदावहिनी, म्हणजे टिपणीसभाऊंची बायको, आमच्याकडे आल्या.

"उमा, तुला टायपिंग येतं ना गं?"

"लग्नाआधी चाळीसचा स्पीड होता. का हो?"

"यांनी कॉम्प्युटर आणलाय. एका बोटाने बडवतात. त्या गतीने वर्ग सुरू व्हायला दोन हजार साल उजाडेल."

भाऊंच्या पुतण्याने, शशिकांतने, मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला कॉम्प्युटर त्यांना आणून दिला होता. दिवाळीत येऊन एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात कसलीशी नवी सिस्टिम टाकली, एक जाडजूड पुस्तक ठेवलं, तीन फ्लॉप्या ठेवल्या आणि तो अमेरिकेला निघून गेला. पडदा काळा. वर पांढरी अक्षरं. चित्र नाही, काही नाही. एक रेघ लुकलुकत असते आणि आपण काय हुकूम देतो याची वाट बघते.

भाऊ आता चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचे. कारखान्यातल्या जुन्या लॉगशीटांच्या कोऱ्या बाजू वापरायचे. चहा हवा असला की चमचा वाजवायचे. मी विचारलं की हे सगळं कशासाठी, तर लिहून दिलं, "मी बोलायचो ते पाट्यांवर लिहायचं. एक पाटी प्रश्नाची, पुढची उत्तराची. पडद्यावर दाखवायच्या."

"मग स्टेशनजवळ क्लास आहे ना कॉम्प्युटरचा. तिथे स्लाइडी करून देतात. माऊसने होतं म्हणे सगळं."

"गेलो होतो. इंग्रजीत करा म्हणाला. आणि बाण उडवून दाखवत होता. मला बाण उडवायचे नाहीत."

शशिकांतच्या फ्लॉप्यांमधला प्रोग्राम वेगळा होता. साध्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, एक हुकूम द्यायचा, की पडद्यावर ठळक मराठी पाट्या तयार. पण तो प्रोग्राम कच्चा होता. पापडाचं पीठ मिळतं, लाटायचं आपण, तसं काहीतरी. आपल्या मशीनवर तो आधी बांधून घ्यावा लागतो. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, ते एका लहानशा फाइलमध्ये लिहिलेलं असतं. नेमकी तीच फाइल फ्लॉपीवर खराब निघाली. भाऊंनी शशिकांतला पत्र टाकलं, त्याने तिकडून तिची छापील प्रत पोस्टाने पाठवली. एक पान. ते टाइप करायला मी.

वीस मिनिटांत झालं. भाऊंनी पुस्तकात बघून हुकूम दिला. पडद्यावर आलं, "चौथी ओळ. मिसिंग सेपरेटर. स्टॉप."

मी पान आणि पडदा शेजारी शेजारी धरून तपासलं. अक्षर न् अक्षर बरोबर. वेगळं करणारं काहीतरी राहिलंय म्हणजे काय राहिलंय? मी चौथ्या ओळीत स्वल्पविराम घातला. तेच उत्तर. मग अर्धविराम, मग आडवी रेघ. एकदा दोन ओळींच्या मध्ये कोरी ओळ सोडली, तर चूक पाचव्या ओळीत गेली. मला केवढा आनंद! निदान हलली तरी. भाऊंनी लिहिलं, "हलली नाही. तुम्ही तिला खाली ढकललंत."

चार दिवस हेच. संध्याकाळी मी जायची, पुन्हा पहिल्यापासून टाइप करायची, पुन्हा स्टॉप. गुरुदत्त ड्युटीवर असला की मला घरी बसवत नाही, त्यापेक्षा ते बरं. पण आपण करतोय ते काय आहे, हेच कळत नसलं की माणसाला रडू येतं. मी म्हटलंसुद्धा, "भाऊ, सोडा हो. मी सुवाच्य अक्षरात कार्डशीटवर लिहून देते."

त्यांनी मान हलवली. "रोज बदलावं लागेल. कार्डशीट खोडता येत नाही. आणि हे बॉयलरसारखं आहे, क्रम चुकला की बंद. कारण असतंच."

पाचव्या दिवशी ते पुस्तक घेऊन माझ्या मागे उभे राहिले. मी टाइप करत होते. चौथ्या ओळीशी आले आणि त्यांनी एकदम टेबलावर चमचा आपटला. टक, टक, टक, टक, टक.

"आत्ताच झालाय ना चहा!" आतून सुनंदावहिनी ओरडल्या.

मलाही तसंच वाटलं. भाऊ जोरजोरात नकाराची मान हलवत माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवायला लागले. मग पुन्हा पाच वेळा चमचा.

आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्या मशीनींच्या टॅबच्या कळा मोडलेल्या होत्या. सर शिकवायचे, ओळ आत घ्यायची तर स्पेसबार पाचदा. परीक्षेत त्याचे मार्क होते. पानावर ती ओळ आत घेतलेली दिसली की माझा अंगठा आपोआप पाच वेळा पडायचा, मी न बघता. पुस्तकात तर स्पष्ट लिहिलं होतं की अशी ओळ टॅबच्या कळीनेच सुरू झाली पाहिजे. भाऊंनी ते दहादा वाचलं होतं. टायपिंग शिकलेली बाई टॅबच वापरणार, असं ते धरून चालले होते. बॉयलरच्या आवाजावरून पंपाचा बिघाड ओळखणाऱ्या त्या माणसाला तो घोटाळा दिसला नाही, ऐकू आला.

"कागदावर दोन्ही सारखंच दिसतं हो," मी म्हटलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं.

"काही नसलेलं सगळं सारखंच दिसतं," त्यांनी लिहिलं.

टॅब देऊन हुकूम दिला आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. त्यांत जागोजागी 'वॉर्निंग'. मी घाबरून म्हटलं, बंद करा, काहीतरी जळेल. त्यांनी शांतपणे चिठ्ठी पुढे केली. "वॉर्निंग म्हणजे शिट्टी. स्टॉप म्हणजे स्टॉप. शिट्टी वाजली तर बघायचं, पळायचं नाही." सात-आठ मिनिटांनी धावणं थांबलं. लुकलुकणारी रेघ परत आली. झालं का नाही झालं, काहीच सांगेना. झालं होतं.

पुढचे तीन आठवडे मी पाट्या टाइप केल्या. पाणी, वाफ, काच, सेफ्टी व्हॉल्व्ह. सत्तर झाल्या. खरं सांगायचं तर अर्थ मला लागत नव्हता. काना, मात्रा इंग्रजी अक्षरांत कसे घालायचे यातच सगळं लक्ष.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी वर्ग भरला. नऊ जण आले. चौदा इंची पडदा, मागच्यांना काही दिसेना. सदू म्हणून अंबरनाथचा एक पन्नाशीचा फायरमन आहे, तो म्हणाला, "सायब, टीवी आणलाव तर म्याच तरी लावा!" हशा झाला. शेवटी पुढे बसणाऱ्याने पाटी मोठ्याने वाचायची असं ठरलं. एकदम पुढे गुरुदत्त होता. मी पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

तो वाचायला लागला. आधी पुटपुटत, मग सदूच्या "अरं, जेवला न्हाईस का?" नंतर जरा मोठ्याने. वाचायला समोर असलं की त्याला जमत होतं. पंधरा-वीस पाट्या झाल्या. मग ही आली, "काचेत पाणी दिसत नाही. भट्टी पेटलेली आहे. काय करशील?"

भाऊंनी कळ दाबली नाही. पेन्सिल गुरुदत्तकडे केली.

तो थांबला. मला वाटलं, झालं, आता गप्प. पण तो बोलला, आणि चांगल्या खणखणीत आवाजात. "पंप चालू करीन. पाणी भरीन."

"भर भर," सदू म्हणाला. "तेराव्याचं जेवान तुजा शेठ घालील."

कुणीतरी हसलं. मी नाही. पुढची पाटी माझ्या हाताने टाइप झाली होती, मला ती पाठ होती. ट्रे खाली ठेवावा हेसुद्धा मला सुचेना. वर्षभर हा मुलगा एकटा त्या भट्टीसमोर उभा होता, आणि त्याला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण कळलेलं नव्हतं.

भाऊंच्या मानेच्या शिरा फुगल्या. पूर्वी असते तर सगळी इमारत हादरली असती. तोंड उघडलं, फडक्याखालून नुसती हवा आली. त्यांनी कळ दाबली. "आधी आग बंद. पाणी घालू नये."

गुरुदत्तने ते वाचलं. आणि म्हणाला, "पण का? पाणी कमी झालंय तर माणूस पाणीच घालणार ना?"

दीड वर्षाच्या वर्गात त्याने एकदाही काही विचारलं नव्हतं. भाऊ बोलायचे तेव्हा विचारायला जागाच नसायची. आणि सत्तर पाट्यांत या 'का'ची पाटी नव्हती.

भाऊंनी भराभर चिठ्ठी लिहिली, माझ्या हातात दिली आणि खुर्चीकडे बोट केलं. नऊ माणसं बघत असताना मी टाइप केलं. पहिल्या हुकुमाला स्टॉप आलं, एक कंस राहिला होता. घातला. पाटी उभी राहिली. गुरुदत्तने वाचली.

"पाणी नाही म्हणून आतला पत्रा तापून लाल झालेला असतो. त्यावर थंड पाणी पडलं की क्षणात वाफ होते. ती मावत नाही. बॉयलर फुटतो."

मग पडद्याकडेच बघत तो म्हणाला, "गेल्या महिन्यात काच कोरी दिसली होती. मी पंपाचं बटण दाबलं होतं."

"मग?" सदूने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"लाईट गेली होती. पंप लागला नाही. तेवढ्यात मिस्त्री आला, त्याने आग काढली. मला वाटलं, उगाच आरडाओरडा करतोय."

पोहे कुणी खाल्ले, कुणी नाही, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुदत्तने शेठला सांगितलं की सर्टिफिकेट मिळेपर्यंत मी एकटा बॉयलर चालवणार नाही. शेठ म्हणाला, "तो घर बैठ." आता तो घरी आहे. परीक्षा बारा दिवसांवर आली आहे आणि पास झाला तरी तिथे परत घेतील की नाही, कुणास ठाऊक. हे म्हणतात, आणखी बारा दिवस कळ काढली असती तर काय बिघडलं असतं. काय बिघडलं असतं ते मी यांना सांगायला जाते आणि माझ्या तोंडून पाटीवरचीच वाक्यं बाहेर पडतात. नोकरी जावी म्हणून का मी एवढं टाइप केलं? पण तो घरात, डोळ्यांसमोर झोपलेला दिसला की दुसरं काही नको वाटतं. यातलं खरं कुठलं, मला ठरवता येत नाही.

सकाळी उठून तो भाऊंकडे जातो. काल येताना त्याच्या हाती माझ्यासाठी चिठ्ठी होती.

"उमाताई, तुमच्या चिरंजिवांनी सत्तर पाट्यांत एकोणीस ठिकाणी 'का' विचारलं आहे. दहांची उत्तरं लिहून ठेवली आहेत, टाइप करायला या. उरलेली नऊ मला बत्तीस वर्षांत कुणी विचारली नाहीत आणि मीही विचारली नाहीत. शोधतो आहे."

मी ती मोठ्याने वाचली. गुरुदत्त जेवत होता. घास हातात धरून त्याने विचारलं, "कुठली नऊ?"