बाळअण्णांच्या अक्षरात न बसणारी बाई

मनाली कदमने बावीस वर्षं घाटकोपरच्या एका ऑफिसात डेटा एंट्री केली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, पोरीच्या वयाच्या मुलांशेजारी बाकावर बसून, प्रोग्रॅमिंग शिकली. तेव्हापासून गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेत तिचा भाव वधारला. कुणाच्या टीव्हीचा रिमोट बिघडला तरी लोक म्हणत, "मनालीकडे द्या, तिचं कोडिंग झालंय."

यंदा काम खरोखरच तिच्या हातातलं होतं. मंडळ दरवर्षी एका ज्येष्ठाला गुणगौरव पत्र देई. त्यावरचं अक्षर कै. बाळअण्णा साटमांचं. गोरेगावच्या स्टुडिओत बोर्ड रंगवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यांच्या वळणाचा फॉन्ट मंडळाने हौसेने बनवून घेतला होता. पुढे ज्या कॉम्प्युटरवर तो होता तो भंगारात गेला. उरली फक्त गेल्या वर्षीच्या पत्राची पीडीएफ.

"फक्त नाव बदल गं," सेक्रेटरी चंद्रप्रकाश राणे फोनवर म्हणाले. "वसंत तावडे काढ, कृष्णाबाई झोरे घाल. पाच मिनिटांचं काम."

पीडीएफच्या पोटात शिरून मजकूर बदलणारी तयार कोडची एक लायब्ररी मनालीने उतरवून घेतली, दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि चालवला. वसंत तावडे गेले. कृष्णाबाई मात्र पुरत्या आल्या नाहीत. नावात दोन ठिकाणी रिकामे चौकोन उमटले.

रविवारी मुलुंडच्या शाळेत कमिटी बसली. राण्यांनी कागद उजेडाकडे धरला. "ह्या खिडक्या कसल्या?"

"काका, पीडीएफमध्ये सगळा फॉन्ट नसतो. त्या पानावर जी अक्षरं वापरलीत तेवढीच आत असतात. ह्या पत्रात कुठेच झ नाही आणि ष्ण नाही."

"मग दुसऱ्या फॉन्टातनं घे."

तिने तेही करून आणलं होतं. दुसऱ्याची कवळी बसवल्यासारखं दिसत होतं. राण्यांनी मान हलवली. "बाळअण्णांचंच अक्षर पाहिजे. गावात काय तोंड दाखवू?"

खजिनदार चेतना राऊळ म्हणाली, "तावड्यांनाच परत देऊया ना. त्यांची सगळी अक्षरं आहेत."

यावर कुणी हसलं नाही. उलट दहा मिनिटं चर्चा झाली. मग ठरलं की मनालीने दोनशे बारा सभासदांची यादी प्रोग्रॅममधून काढावी आणि कोण पूर्ण उमटतं ते बघावं. तिने तिथेच लॅपटॉप उघडला. सदतीस जण उमटले. त्यातले चार वारलेले, एक दुबईला. उरलेल्यांत विमला सावंत सगळ्यांत देखण्या दिसत होत्या.

"त्यांनी केलंय काय?" मनालीने विचारलं.

"ते लिहू काहीतरी," राणे म्हणाले. "अक्षरं बघून."

मनालीचं डोकं फिरलं. संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा कृष्णाबाईंनी घाटकोपरच्या दहा बाय दहाच्या खोलीत गावच्या तीस-तीस पोरांना जेवू घातलं होतं. मनालीचे वडील त्यातलेच एक. ती तडक उठली आणि कृष्णाबाईंकडे गेली. म्हातारी कोळंबी सोलत बसली होती. मनालीने सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिलाच लाज वाटायला लागली.

कृष्णाबाईंनी हातातली कोळंबी सोलून ताटलीत टाकली. "म्हणजे माझा नाव थंय बसना नाय?"

"नाही काकी."

"मगे माहेरचा घाल. सावित्री पवार. बसता काय बघ."

मनालीने लॅपटॉप मांडीवर घेतला. नाव टाकलं. स, व, त्र, प, र, सगळी अक्षरं आत होती. बाळअण्णांच्या ऐटदार वळणात सावित्री पवार उमटली. कृष्णाबाई ओले हात पदराला पुसून पुढे वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"लगनात तांदळार सोन्याच्या आंगठयेन नाव बदलून कृष्णा लिवल्यानी," त्या म्हणाल्या. "माका कोणी इचारूक नाय. साठ वर्षां झाली."

कमिटीने नाव मंजूर केलं. राण्यांना अक्षराशी मतलब होता; ही बाई कोण, ते त्यांनी विचारलंही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी माइकवरून "सावित्री पवार" असा पुकारा झाला आणि कुणीच उठलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. राण्यांनी दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदा जरा रागाने. पहिल्या रांगेत बसलेल्या कृष्णाबाईसुद्धा मागे वळून बघत होत्या, की कोण ही बाई, येत का नाही. शेवटी मनालीने त्यांच्या कोपराला हात लावला. "काकी, तुम्हीच."

"अगो बाय," म्हणून त्या उठल्या.

पत्र आता त्यांच्या खोलीत, नवऱ्याच्या फोटोशेजारी लावलंय. येणारा-जाणारा विचारतो, ही सावित्री पवार कोण?

"आसा एक," कृष्णाबाई सांगतात. "हयच रवता." आणि चहा टाकायला उठतात.