वच्छला मावशीनं दार ढकललं

"परी! परी वो!" करत मी नळावरून ओल्या हातानंच धावली. निवाऱ्याच्या साऱ्या खोल्या पाह्यल्या, खाटीखाली पाह्यलं, संडासात पाह्यलं, माही पोरगी कुठीच नाई. पुढचं दार उघडं होतं. बाहेरची टपरीवाली म्हने, "आत्ताच त कचऱ्याच्या गाडीमागं पळत होती वो. मागून चढली का काय, मले नीट नाई दिसलं. गाडी त गेली निंघून." ती गाडी भरली का डेपोवर जाते, तिथं उलटी करतेत, आन मंग मशीन सारा कचरा दाबते, हे मले मालूम होतं. मी तिथंच रस्त्यात बसली. वच्छला मावशीनं दंडाले धरून उठवलं. "रडजो मंग. आता चाल," म्हने, आन ती नगरपरिषदेकडं पळाली. गुडघे दुखते म्हनून रोज कन्हनारी बाई, पन त्या दिवशी मी मागं पडली.

मी मावशीले पह्यल्यांदा पाह्यलं तवा परी काखेत तापानं फणफणत होती. नवऱ्याच्या मारापायी झरीकडून निंघाली, जीपवाल्यानं हायवेवरच्या या गावात उतरवलं. गावाचं नाव नाई सांगत, आमी अजून इथंच राह्यतो. बसस्टँडवरून पोलीस उठवे त मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसो. कोनीतरी सांगतलं का नगरपरिषदेच्या मागं, जुन्या दवाखान्याच्या बिल्डिंगीत, घर नसलेल्या लोकायचा निवारा हाय. दारात एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई उभी. तिनं माह्या हाती पान्याचा लोटा देल्ला. मी भेवून पटपट नाव सांगाले लागली त म्हने, "आदी पाय धू. पानी पे. नाव काई पळून नाई चाललं."

अशी ती साऱ्यायलेच म्हने. निवाऱ्याची देखरेख तिच्याकडं होती, पन बेघर हा शब्द तिले चालत नसे. "पाव्हने म्हना," म्हने. आन पाव्हन्याच्या घराले दिवसा कडी लावाची नाई, हा तिचा कायदा. कुत्रं शिरे, बकरी शिरे, एकदा त कोनाचा गोऱ्हा शिरून भाताच्या गंजात तोंड घालून गेला, तरी दार उघडं.

डोमाजीबाबा तिथले साऱ्यात जुने पाव्हने. जिनिंगात हमाली करून पाठ वाकलेली, मागंपुढं कोनी नाई. मावशीचं आन त्यायचं रोज भांडन. "डोमाजी, पाय धुवून ये. इतकी माती हाय, पऱ्हाटी पेरीन मी तुह्या पायावर."

"पेर न बाई. निंदाले तूच येशीन."

"कापूस निंघाला त माह्या नावावर विकीन हं!"

परी त्यायच्या खाटीवर बसून हासे. मले वाटे, माह्या बापाच्या घरी मी असी कधी हासली नाई.

पन बजार लाईनीत चोऱ्या व्हाले लागल्या. दुकानवाले म्हने, ते निवाऱ्यातलेच लोक असतीन, दुसरं कोन. एका नगरसेवकानं विषय काढला का निवारा बंद करा, ती बिल्डिंग पोलीस चौकीले द्या, निवाऱ्याचा पैसा बजारात लाईट आन कॅमेऱ्याले लावा. मावशी त्यायच्याशीई भांडली नाई. "त्यायच्या दुकानात चोरी झाली, त्यायलेई भेव वाटते न," म्हने. "लाईट लावा, मी कुठी नाई म्हनते. पन लाईट लावाले माहा डोमाजी काहून काढता?" असं म्हनत ती एकेका मेंबरच्या घरी गेली. कोनी चहा पाजला, कोनी दारातूनच वापस लावली. नगरपरिषदेच्या अध्यक्षीनबाईनं मात्र शब्द देल्ला का या वर्षाच्या बजेटात निवारा राह्यते. त्यायच्यासंगं जे होते ते पकडून आपल्याकडचे हात जास्त भरत होते.

परी हरवली तोच सभेचा दिवस. मावशी सकायपासून पांढरं लुगडं घालून तयार होती. सभेत काई विचारलंच त बोलाव लागीन म्हनून डोमाजीबाबासमोर बोलून पाहत होती, आन ते मेंबरसारखं तोंड वाकडं करून नाई-नाई म्हनत होते. मी मागच्या नळावर कपडे धूत होती. तेवढ्यात परी दारातून गेली.

आमी नगरपरिषदेत पोचलो त हॉलचं दार लावलेलं. कचऱ्याच्या गाड्या ज्या सायबाच्या हाताखाली, ते आत, त्यायचा फोन बंद. डायवरचा नंबर त्यायच्याचपाशी. शिपाई ओळखीचा होता. त्यानं सारं आयकलं आन मावशीले बाजूले घेतलं. "मावशी, तुह्याच विषयावर हात वर करून राह्यले. जराशी थांब. हे झालं का मी सायबाले बाहेर आनतो. आता आत गेली, अन् निवाऱ्यातलं लेकरू हरवलं असं बोलली, त तुहं काम बिघडलंच म्हनून समज."

मावशीनं मले पाह्यलं. मंग तिनं दार ढकललं.

"सायेब, फोन लावा. आमच्या निवाऱ्यातलं लेकरू तुमच्या कचऱ्याच्या गाडीत गेलं. आत्ताच. टपरीवरून गेली ती गाडी."

हात वर होते ते तसेच राह्यले. मंग तो विषय काढनारा मेंबर उभा झाला. "पाहा! मी काय म्हनत होतो? दिवसा दार उघडं टाकतेत, लेकरं कचऱ्यात जातेत. याले तुमी निवारा म्हनता?" मावशीनं त्याच्याकडं मान वळवून पाह्यलं नाई. "सायेब, फोन," एवढंच म्हने.

सायबानं फोन चालू करून स्पीकरवर लावला. पलीकडचा आवाज मले दारापाशी आयकू आला. डायवर हासत होता. "पोट्टी माह्या बाजूले बसून हाय न सायेब. मी डबा उचलाले उतरलो त पुढच्या सीटवर चढून बसली. केळ खाऊन राह्यली. वापसच आनून राह्यलो तिले, आलोच."

गाडी आली. परी खाली उतरेना, भोंगा वाजवाचा म्हने. मावशीनं तिले उचललं, निवाऱ्याच्या दारात आनलं, लोटा घेतला आन तिचे पाय धुतले. "आल्या आमच्या पाव्हनीबाई गाव पाहून," म्हने. अर्धं पानी माह्याच पायावर सांडत होतं. तिकडं हॉलमंदी पुन्हा हात मोजले. अध्यक्षीनबाईचा हात खालीच राह्यला.

निवारा बंद झाला. मले आन परीले मावशीनं आपल्या भाड्याच्या खोलीत नेलं. डोमाजीबाबालेई बोलावलं, हात धरून ओढलं, पन ते आयकेनात. "तुह्या खोलीत माही खाट ठेवली त तू सैपाक माह्या डोक्यावर करशीन का?" म्हने. ते बसस्टँडवर झोपाले लागले. मावशी रोज डबा नेऊन दे आन पायावरून भांडून ये. थंडीत एका सकाळी ती डबा घेऊन गेली, मीई संगं होती, त बाबा उठलेच नाई. तिनं नळावरून पानी आनलं, त्यायच्या पायापाशी बसली आन मातीचा एक कन राहू नाई असे पाय धुतले. मले तेच पाहवलं नाई.

लोक तिच्या तोंडावर म्हने, जराशी थांबली असती त पोट्टी वापस येतच होती, निवाराई राह्यला असता, म्हाताराई राह्यला असता. ती म्हने, "येऊनच राह्यली होती, हे मले दारापाशी कोनं सांगतलं?" बस, एवढंच. पन बसस्टँडवरून जाताना ती त्या बाकाकडं पाहे नाई.

आता ती दारव्ह्याकडं लेकीपाशी गेली. डोळे गेले तिचे, दिसतच नाई. जीपमंदी बसली तवा परीच्या तोंडावरून हात फिरवला आन मले म्हने, "दिवसा दार उघडं ठेवजो वो." मी हो म्हनली. पन मी कडी लावते. मले अजून भेव वाटते. परी आता शाळेत जाते, कचऱ्याची गाडी आली का आतून कडी वाजवते, मंग मी उघडते आन तिचा हात धरून उभी राह्यते.

मी त माय होती, मले इचारूच नका. पन मावशी तिची कोनीच नव्हती. आत हात वर झालेले, घरी डोमाजीबाबा वाट पाहत बसलेले, गाडी कुठी गेली ते कोनालेच मालूम नाई, आन शिपाई म्हनते का जराशी थांब. तुमी तिच्या जागी, त्या दारापाशी असते, त काय केलं असतं?