सिस्टरचा रविवारचा अभ्यास

"हाय का लाईन?"

दुकानाच्या दारात उभ्या राहून सिस्टर पहिल्यांदा हेच विचारायच्या. नेट चालू आहे म्हटलं की चपला बाहेर काढून आत यायच्या. बंद असलं तर बाकावर बसून राहायच्या. दिंद्रुडहून एसटीनं आलेलं माणूस लगेच परत कसं जाणार?

बीडच्या स्टँडसमोर माझं इंटरनेटचं दुकान तेव्हा नवंनवं होतं. पोरं निकाल बघायला यायची. दिंद्रुडच्या सरकारी दवाखान्यातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, पांढऱ्या साडीतल्या सिस्टर दर रविवारी शिकायला यायच्या. आडवळणाच्या खेड्यांतल्या आरोग्यसेवेवर एका विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स होता. इंग्रजी त्यांना जड जायचं. मी वाचून मराठीत सांगायचो, त्या बोलतील ते इंग्रजीत टाइप करायचो. माऊसला त्यांनी कधी हात लावला नाही. "बिघडलं तर तुमीच वरडाल," म्हणायच्या. दिंद्रुडच्या अर्ध्या पोरांची नाळ कापलेले हात ते, पण माऊसला घाबरायचे.

पहिल्याच पानावर विद्यापीठानं आपल्या अपेक्षा सांगितल्या होत्या. दर आठवड्याला हजेरी, वेळेवर अभ्यास, सोबतच्या विद्यार्थ्यांना उत्तरं. खाली प्रश्न होता: या कोर्सकडून तुमची अपेक्षा काय?

सिस्टरनी खुर्ची पुढं ओढली.

"लिहा, दादा. माझी लेक गेली. डोंगरातल्या वाडीवर. गाडी येऊ शकली न्हाई. अशा जागी काय करायचं असतं, ते मला शिकायचंय."

मी टाइप करत गेलो. त्याच आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं. लेक कड्याच्या पलीकडच्या वाडीला दिलेली. बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण आठव्यातच कळा आल्या. रक्त थांबलंच नाही. मूलही राहिलं नाही.

पुढच्या रविवारी कुठल्याशा बर्फाळ डोंगरात नर्सचं काम करणाऱ्या एका पोराचं उत्तर आलं. त्या पोराचं इंग्रजीही माझ्यासारखंच कच्चं असावं. 'गेली'साठी मी इंग्रजीत 'लॉस्ट' लिहिलं होतं, त्याचा अर्थ त्यानं हरवली असा घेतला होता. त्यानं विचारलं होतं, तुमची मुलगी सापडली का?

मी तेवढं गाळून पुढं वाचणार होतो. पण सिस्टरनी माझं तोंड बघितलं. "काय म्हणतो?"

सांगावं लागलं. त्यांनी पदर सारखा केला.

"चांगला हाय बिचारा. लिहा, न्हाई सापडली."

मग बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा धडा आला. त्या दिवशी सिस्टर पहिल्या गाडीनंच आल्या. मी वाचत गेलो. पोट कसं चोळायचं, बाळाला लगेच अंगावर कसं घ्यायचं, इंजेक्शन कोणतं द्यायचं. प्रत्येक वाक्याला त्यांची मान हलत होती. मग हलायची थांबली.

"पुढं?"

"संपला धडा, सिस्टर."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे तर मला सगळं येत होतं, दादा." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "मला वाटायचं, मोठ्या लोकांना कायतरी ठावं असंल, जे मला न्हाई. म्हणून गेली असंल. पण सगळंच येत होतं की. मी तिथं न्हवते, बस."

आणि पदर तोंडात धरून त्या रडल्या. शेजारच्या खुर्च्यांवरची पोरं हळूच उठून बाहेर गेली.

त्यानंतर त्या एकदाच आल्या. दारातूनच सांगितलं, लेकीच्या वाडीला बदली मागून घेतली. तिथं जायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळं लगेच मिळाली.

"आता या वयात कशाला जाता तिकडं? आणि कोर्स?"

"कोर्स झाला माझा. तिथं कोणीच न्हवतं, दादा. आता मी ऱ्हाईन."

काही वर्षांनी एक माणूस दुकानात येऊन उभा राहिला. टोपी हातात. सिस्टरचा जावई.

"मामी गेल्या. तापाचं निमित्त झालं." मी खुर्ची पुढं केली, तो बसला नाही. "मामी आल्यापासून वाडीतली एकबी बाळंतीण गेली न्हाई. तुमचं नाव काढायच्या. म्हणून सांगाया आलो."

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली.

"आमच्यात पुरत्यात," तो म्हणाला. "लेकीला खेटूनच माती दिली. मधी जागा ठेवली न्हाई."