निळाच राहिलेला रंग

करडीहून बाईचा दीर सकाळच्या एसटीनं आला आणि दवाखान्याच्या प्रयोगशाळेच्या दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. "वहिनी गेली," एवढंच म्हणाला. मी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली... समोर बाही वर करून बसलेल्या माणसाला काय सांगितलं, ते आता आठवत नाही.

यशोदा माझी थोरली बहीण. आम्ही तिला बाई म्हणायचो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती करडीला नांदायला गेली. घरची धानाची शेती, दाजी शांत स्वभावाचे. पहिलं मूल नवव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरंही तसंच. दोन्ही बाळं इतकी मोठी, गुटगुटीत, की सुईणही हळहळली. मग गाव बोलू लागलं. बारशाला तिला बोलावणं येईना. एका नातेवाइकाच्या घरी तर पाळण्याजवळून तिला उठवलं. तिसऱ्यांदा दिवस गेले तोवर मी रक्त-लघवी तपासायचं शिकून भंडाऱ्यात नोकरीला लागलो होतो. मीच तिला बोलावून घेतलं. ती पहिल्या गाडीनं, उपाशीपोटी आली. निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून मी नळी उकळली. साखर असली की तो रंग हिरवा, पिवळा, विटकरी होत जातो. माझ्या नळीतला निळाच राहिला.

"काहीच नाही बाई, सारं साफ आहे," मी म्हणालो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. आठव्या महिन्यात तेही बाळ हलायचं थांबलं.

चौथ्या वेळी आमच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांनी आधीच्या तिन्ही बाळांचे महिने, वजनं खोदून खोदून विचारली. मग मला म्हणाल्या, "लघवीवर विसंबू नका. ग्लुकोज पाजून दर तासाला रक्त घ्या." मी चार वेळा रक्त घेतलं. उपाशीपोटीचा आकडा जेमतेम वर होता. ग्लुकोजनंतरचे मात्र असे चढले की मी सगळे नमुने पुन्हा लावले. तेच आकडे आले. गरोदरपणातला मधुमेह. सकाळच्या उपाशीपोटीच्या लघवीत तो लपून राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बाई बाकावर बसून होती. "म्हंजे मागच्या वेळीबी हेच होतं?"

"हो."

"मंग तुले काहून नाही दिसलं?"

मी खरं ते सांगितलं. जेवल्यावर तपासायला हवं होतं, रक्त घ्यायला हवं होतं, मला तेवढं येत नव्हतं. ती किती तरी वेळ पदराचं टोक पिळत राहिली. "मी तं देवीले दोष देऊन राहिली होती रे..." म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

पुढे रोज इन्सुलिनची सुई, आणि दिवस भरायच्या आधीच ऑपरेशन. रेखा जन्मली, जगली. त्या वर्षी भाऊबीजेला मला करडीचं बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी आलं. ओवाळताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण ओवाळलं. तो विषय आम्ही पुन्हा कधीच काढला नाही.

साखर मात्र बाईला सोडून गेली नाही. यंदा धानाच्या रोवणीत चिखलातला काटा पायात मोडला. साखरेनं पाय बधिर झालेला, तिला कळलंसुद्धा नाही. पाय काळा पडला, तेव्हा डॉक्टर कापायचं म्हणाले. "पाय गेल्यावर धानाच्या बांधीत कशी उतरू मी?" म्हणाली, आणि घरी परतली. मी हाताला धरून तिला अडवलं नाही. एकदा चुकलेल्या माणसाचा आवाज पुन्हा चढत नाही.

बाई गेल्यानंतर परवा पुन्हा करडीला गेलो. घरात सगळ्यांच्या ताटात भात होता. चुलीपाशी बसून बारा वर्षांची रेखा ज्वारीची एकच भाकर भाजत होती. साखरेपायी बाईचा भात बंद झाल्यापासून रोज संध्याकाळी तिच्यासाठी एक भाकर वेगळी व्हायची. "कोणासाठी करून राहिली?" मी विचारलं. रेखा थबकली. तव्यावरची भाकर तशीच फुगत राहिली.

"हात आपोआपच चालते मामा," ती म्हणाली.

ती भाकर मी खाल्ली.